फटीपेक्षा हनुवटीकडे बघा

प्रश्न : माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे आणि त्यांच्या बाजूचे दोन दात बाहेर फाकल्यासारखे आलेत. वर्गात चिडवतात म्हणून ती हल्ली फोटोत ओठ घट्ट मिटून उभी राहते. तोंड मिटताना तिची हनुवटी जराशी डावीकडे जाते, ती सवय असावी. आमचे डेंटिस्ट म्हणाले, सगळे कायमचे दात येऊ द्या, मग बघू. नणंद म्हणते, आत्ताच तार लावून टाक, नंतर दात ऐकत नाहीत. एका मैत्रिणीने दोन दातांना रबर बँड घालून फट बंद करण्याचा व्हिडिओ पाठवलाय, तो उपाय करून बघू का? मोठ्या मुलाची काळजी नाही. तो साडेबारा वर्षांचा आहे, दात अगदी सरळ आहेत. वरचा डावीकडचा दुधाचा सुळा तेवढा अजून पडलेला नाही, उजवीकडचा नवा केव्हाच आला. आणि जाता जाता स्वतःबद्दल : वय ३८. लहानपणी सरळ असलेले माझे खालचे पुढचे दात दोन-तीन वर्षांत एकमेकांवर चढायला लागलेत. अक्कलदाढा काढल्या तर थांबेल का?

उत्तर : सगळ्यात आधी त्या रबर बँडबद्दल. तो लावू नका, एका रात्रीपुरताही नको. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं. त्यामुळे दोन दातांभोवती घातलेलं रबर जागेवर राहत नाही, हिरडीखाली सरकतं आणि मुळावरून वर चढत जातं. बघणाऱ्याला वाटतं, रबर झोपेत पडून गेलं. आत ते दातांना धरून ठेवणारं हाड पोखरत असतं. मग हिरडी सुजते, दात हलतात, लांब झाल्यासारखे दिसतात आणि एरवी कीडही न लागलेले दोन चांगले दात गमावायची वेळ येते. अशा मुलांच्या नोंदी दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत कितीतरी वर्षांपासून आहेत, तरी हे व्हिडिओ फिरतच राहतात, याचा मला मनापासून राग येतो. मैत्रिणीलाही कळवा. तिने तो आणखी कुणाला पाठवला असेल.

आता तुमच्या पत्राकडे येते. मी ते दोनदा वाचलं. जिची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फट बहुतेक आपली आपण मिटेल. ज्या दोन गोष्टी तुम्ही एकेका वाक्यात उरकल्यात, त्यांच्यापाशी मात्र मी थांबले : मुलीची सरकणारी हनुवटी आणि मुलाचा न पडलेला सुळा. तोंडात बघितल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण कुठे बघायचं, कशाची घाई करायची आणि कशाची नाही, एवढं नक्की सांगता येईल.

फट का पडते ते आधी समजून घ्या, म्हणजे मुलीलाही सांगता येईल. साडेआठ वर्षांच्या मुलीचे वरचे सुळे अजून हाडातच, बरेच वर असतात. खाली उतरण्याच्या वाटेवर ते बाजूच्या पटाशीच्या दातांच्या मुळांना टेकलेले असतात. मुळं आत दाबली गेली की दातांची दिसणारी टोकं बाहेर फाकतात, पंख्याच्या पात्यांसारखी. अकरा-बारा वर्षांचं वय झालं की सुळे खाली येतात, तो दाब मुळांवरून दातांच्या कडांवर येतो आणि पुढचे दात एकमेकांजवळ सरकतात. साधारण दोन मिलिमीटरपर्यंतची फट अशी आपोआप भरून निघण्याची शक्यता चांगली असते. फट त्याहून मोठी असेल, वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा जाड असून दोन दातांच्या मधोमध खाली उतरलेला असेल किंवा मध्ये एखादा जादा दात हाडात अडकलेला असेल, तर गोष्ट वेगळी. जादा दात आहे की नाही ते एक्स-रे काढला की लगेच कळतं. पडदा जाड असला तरी तो कापायची घाई नको. सहसा सुळे येईपर्यंत थांबतात, कारण तोवर बऱ्याचदा तो कापण्याची गरजच उरत नाही.

म्हणजे फटीपुरतं तुमच्या डेंटिस्टचं म्हणणं बरोबर आहे. हनुवटीचं त्यांना सांगितलं होतं का, हा माझा प्रश्न आहे.

आज संध्याकाळी मुलीला उजेडात खुर्चीवर बसवा आणि समोर तिच्या नजरेच्या पातळीवर बसा. जिभेचं टोक टाळूला शक्य तितकं मागे लावायला सांगा आणि तसंच ठेवून हळूहळू दात मिटायला सांगा. पहिला दात दाताला कुठे लागतो ते बघा. मग म्हणा, आता नेहमीसारखं घट्ट मीट. त्या क्षणी खालचा जबडा बाजूला घसरतो का? वरच्या दोन मधल्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोन मधल्या दातांमधली रेघ आधी समोरासमोर होती आणि नंतर हटली का? मग स्वच्छ बोटाने डावा गाल बाजूला करून आत बघा. डब्याचं झाकण जसं सगळीकडून डब्याच्या बाहेर बसतं, तसे वरचे दात सगळीकडून खालच्या दातांच्या किंचित बाहेर बसायला हवेत. डावीकडे खालच्या दाढा बाहेर आणि वरच्या आत दिसल्या, तर तो क्रॉसबाइट.

हे बहुधा असं घडतं : वरचा जबडा थोडा अरुंद असतो. नीट मिटायला गेलं की वरच्या दाढांची टोकं खालच्या दाढांच्या टोकांवर येतात, सुऱ्या सुऱ्यांवर टेकाव्यात तशी. त्या स्थितीत घास चावता येत नाही. मग मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला नेऊन सोयीची जागा शोधतं. दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं. म्हणून ते सवयीसारखं दिसतं, पण सुरुवात सवयीतून झालेली नसते. वाढत्या वयात जबडा असा रोज एकीकडे बसत राहिला तर दोन्ही बाजू सारख्या वाढत नाहीत आणि आज घसरण्यापुरता असलेला तिरपेपणा पुढे हाडाचा होऊ शकतो.

चांगली गोष्ट अशी की या वयात उपाय सोपा आहे. वरचा जबडा मधोमध सांधलेल्या दोन भागांचा असतो आणि लहानपणी तो सांधा पक्का झालेला नसतो. टाळूला लागून मधे बारीक स्क्रू असलेलं एक उपकरण बसवतात, ते काढघाल करायचं असतं किंवा दाढांना चिकटवलेलं असतं. ठरवून दिलेल्या दिवशी पालकांनीच किल्लीने स्क्रू फिरवायचा. एका वळणाला जबडा साधारण पाव मिलिमीटर रुंदावतो. रुंदावण्याचं काम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतं, मग मिळालेली जागा टिकावी म्हणून उपकरण आणखी काही महिने तोंडात ठेवतात. वय वाढत जातं तसा तो सांधा एकमेकांत गुंतत घट्ट होतो आणि मोठ्या माणसात याच कामासाठी शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. ‘सगळे दात येऊ द्या’ हा सल्ला इथे लागू पडत नाही तो यामुळे.

दात सरळ दिसणं आणि दात एकमेकांवर नीट बसणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग केले, ते आजही रोजच्या वापरात आहेत. त्याने सुरुवात पुढच्या दातांपासून केली नाही, पहिल्या कायमच्या दाढेपासून केली. वरच्या दाढेचं पुढचं, गालाकडचं टोक खालच्या दाढेच्या खाचेत बसलं तर दाढा योग्य जागी आहेत. खालची दाढ त्यापेक्षा मागे असेल तर दुसरा वर्ग, त्यात अनेकदा वरचे दात पुढे आलेले दिसतात. खालची पुढे असेल तर तिसरा, त्यात खालचे दात वरच्यांच्या पुढे जाऊ शकतात. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पडता येते. त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. कितीतरी आईवडील ती दुधाची समजतात आणि किडली तर ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. तुमच्या मुलीच्या तोंडात अशा चार दाढा आत्ताच आलेल्या असणार. बघाल तेव्हा त्यांच्याकडेही बघा.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही, म्हणजे दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञांची संस्था मुलांची पहिली तपासणी वयाच्या ७ व्या वर्षापर्यंत करून घ्यायला सांगते. याचा अर्थ सातव्या वर्षी तार लावा असा नाही. बहुतेक मुलांना त्या भेटीत ‘वर्षाने या’ एवढंच सांगतात. नणंदेचं ‘नंतर दात ऐकत नाहीत’ हे खरं नाही. दात कुठल्याही वयात हलवता येतात. वय महत्त्वाचं असतं ते जबड्याच्या वाढीसाठी.

म्हणून लवकर बघण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. तुमच्या मुलीसारखी बाजूला घसरणारी हनुवटी ही एक. पुढचा एखादा वरचा दात खालच्याच्या मागे अडकलेला असेल, तर त्या खालच्या दाताची हिरडी उतरायला लागते, तिथेही थांबू नये. वरचा जबडाच मागे राहिलेला असेल तर तो पुढे आणण्याचे उपचार साधारण दहाव्या वर्षाच्या आत जास्त साधतात. अंगठा चोखण्याने पुढच्या दातांत उभी फट राहते, दात मिटले तरी समोरून जीभ दिसते, त्याला ओपन बाइट म्हणतात. कायमचे पुढचे दात यायच्या सुमाराला ही सवय सुटली तर पुष्कळदा ती फट आपोआप कमी होते. मुलाला रागावून मात्र ती सुटत नाही. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची कायमची दाढ पुढे सरकून त्या जागेवर बसते आणि खालून येणाऱ्या दाताची वाट बंद होते. तिथे जागा राखून ठेवणारी छोटी तार लगेच बसवून घ्यावी.

वरचे दात खूप पुढे असणं ही पालकांना सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. तिच्यात एवढी घाई सहसा नसते. वरचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं सर्वसाधारण आहे. सहा मिलिमीटरच्या वर गेलं आणि ओठ दातांवर मिटत नसतील, तर पडल्यावर ते तुटण्याचा धोका वाढतो. आठ-नऊ वर्षांच्या वयात एकदा आणि नंतर पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केलेली मुलं आणि एकदाच, किशोरवयात उपचार केलेली मुलं यांची तुलना झालेली आहे. शेवटचा निकाल जवळपास सारखा येतो. लवकर केलेल्यांमध्ये पुढच्या दातांना इजा मात्र कमी होते. त्यामुळे मूल सतत धडपडणारं असेल किंवा चिडवण्याने खचत असेल तर लवकर करायला कारण आहे, नसेल तर थांबायला हरकत नाही. थोडी गर्दी, एखादा वळलेला दात, वरच्या दातांनी खालचे बरेचसे झाकणं, हे बहुतेक वेळा कायमचे दात येईपर्यंत थांबू शकतं. खालचे दात वरच्या टाळूला रुतून जखम करत असतील तर ते सोडून.

आता मुलगा. त्याचे दात सरळ आहेत म्हणून त्याची काळजी नाही, असं तुम्ही लिहिलंत. दोघांपैकी आधी मी त्यालाच घेऊन जायला सांगेन.

वरचा सुळा तोंडातल्या सगळ्या दातांत लांबचा प्रवास करतो, जवळजवळ नाकाच्या बाजूपासून खाली. तो साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. थोडा उशीर चालतो, पण एका बाजूचा केव्हाच आला आणि दुसऱ्या बाजूला दुधाचा घट्ट बसून आहे, हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दुधाच्या सुळ्याच्या वर, गालाच्या बाजूने, हिरडीवरून बोट फिरवून बघा. उतरणाऱ्या सुळ्याचा टणक फुगवटा दहाव्या वर्षाच्या सुमारासच हाताला लागायला हवा. उजव्या बाजूची हिरडी आणि डाव्या बाजूची, दोन्ही चाचपा. फुगवटा लागला नाही तर सुळा टाळूकडे वळला असण्याची शक्यता आहे. शंभरातल्या एक-दोन जणांत असं होतं. वाट चुकलेला सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर टेकून ते मूळ झिजवू शकतो, आणि हे दुखत नाही. बाहेरून सगळं मोत्यासारखं दिसत राहतं.

या वयात अजून एक साधी वाट उघडी आहे. १९८८ मध्ये स्वीडनमधल्या दोन दंतसंशोधकांनी टाळूकडे निघालेल्या ४६ सुळ्यांवर एवढंच केलं, की दुधाचा सुळा काढून टाकला. मुलं १० ते १३ वर्षांची होती. ४६ पैकी ३६ सुळे स्वतःच योग्य वाटेला लागले. सुळा किती आडवा आहे आणि उतरायला जागा किती आहे, यावर हे अवलंबून असतं, ते एक्स-रे बघून ठरवतात. ही वेळ निघून गेली की हिरडी उघडून सुळ्याला बारीक साखळी चिकटवून तो महिनोन्‌महिने खाली ओढत आणावा लागतो. होतं तेही, चांगलं होतं. पण एक दात काढून जे साधलं असतं त्याच्यासाठी वर्ष-दीड वर्ष मुलाने का सोसावं? तो साडेबाराचा आहे, म्हणून या आठवड्यातच वेळ घ्या.

तुमच्या स्वतःच्या दातांचं : अक्कलदाढा यासाठी काढू नका. खालचे पुढचे दात वयानुसार हळूहळू एकमेकांजवळ येतात, ज्यांना अक्कलदाढा मुळात आलेल्याच नाहीत त्यांच्यातही येतात. दाढ किडली, अडकून वारंवार सुजली, तर काढावी, ती वेगळी गोष्ट. पण तुमच्या वयात दात दोन-तीन वर्षांत हलले असं ऐकलं की मी आधी हिरड्या बघते. ब्रश करताना रक्त येतं का, दोन दातांत नव्या फटी पडल्यात का, एखादा दात जिभेने हलतो का? हिरडीच्या आजाराने हाड कमी झालेलं असेल तर आधी तो आजार आटोक्यात आणायचा, मगच दात हलवायचे. हाड निरोगी असेल तर ३८ काय, ५८ व्या वर्षीही तार किंवा अलाइनर, म्हणजे दातांवर बसणारे काढघाल करायचे पारदर्शक साचे, लावता येतात. अलाइनर घेतलेत तर ते दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत. जेवताना काढले आणि तसेच डबीत राहिले, असं करणाऱ्यांचे दात हलत नाहीत.

आणि रिटेनरचं, म्हणजे उपचारांनंतर दात नव्या जागी टिकावेत म्हणून लावायच्या उपकरणाचं, आधीच मनात धरा. दात आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने. जोर लावून ही गती फारशी वाढत नाही, मुळांना इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. तार काढल्यावर ते ताणलेले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून रिटेनर, आणि रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षं. माझ्याकडे दुसऱ्यांदा उपचारांसाठी येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं : रिटेनर हरवला आणि राहूनच गेलं.

भेटीला जाताना मुलांचे जुने एक्स-रे असतील तर न्या, विनाकारण पुन्हा काढावे लागणार नाहीत. उपचार सुचवला तर तीन गोष्टी सरळ विचारा : आत्ताच केला नाही तर काय बिघडेल? दात काढावे लागणार असतील तर कोणते आणि का? या टप्प्यानंतर पुन्हा तार लागणार आहे का? चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट या प्रश्नांनी चिडत नाही. पुढेमागे तार लागलीच तर ब्रशिंग दुप्पट काळजीने करावं लागेल. तारेभोवती प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचून राहिला की दातांवर खडूसारखे पांढरे डाग पडतात आणि तार काढल्यावरही ते राहतात. मुलीची आत्ताच ब्रशची कुरकुर असेल तर तिथून सुरुवात करा.

चिडवण्याबद्दल मी शेवटी लिहितेय, पण ते मला छोटं वाटत नाही. साडेआठ वर्षांच्या मुलीने फोटोत ओठ मिटायला शिकावं, याचं वाईट वाटतं. तिला ‘काही होत नाही, दुर्लक्ष कर’ असं सांगू नका, तिला काहीतरी होतंयच. त्याऐवजी तिला तिचा स्वतःचा एक्स-रे बघू द्या. दोन्ही जबडे एकत्र दिसणारा तो मोठा एक्स-रे डॉक्टरांनी काढायला सांगितला, तर त्यांना म्हणावं, पाच मिनिटं तिच्याशी बोला. माझ्याकडे तिच्याच वयाची एक मुलगी आली होती, अशीच तोंड दाबून बसलेली. मी एक्स-रे उजेडात धरला आणि तिला हाडात लपलेले तिचे दात दाखवले, दुधाच्या दातांच्या मुळांपाशी रांगेने थांबलेले. वर दोन्ही बाजूंना टोकदार सुळे. म्हटलं, ‘हे दोघं खाली यायला निघालेत, त्यांना जागा हवी म्हणून बाकीचे पसरलेत.’ तिने काचेवर बोट ठेवून सगळे मोजले, चुकली, पुन्हा मोजले. मग आईकडे वळून, तोंड पूर्ण उघडं ठेवून म्हणाली, ‘आई, माझ्या आत अजून किती दात आहेत बघ!’